एम्पिरिकल रिसर्च मेथड्सचा कोर्स पहिल्यांदाच बनवताय? सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

कॉम्प्युटर किंवा आयटी डिपार्टमेंटला नवीन लागला असाल आणि एचओडींनी सांगितलं असेल की पुढच्या सेमला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमधल्या रिसर्च मेथड्सचा कोर्स बनवा, सिलॅबस बीओएसपुढे (बोर्ड ऑफ स्टडीज, म्हणजे सिलॅबस मंजूर करणारं मंडळ) ठेवायचाय, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. नाशिकमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये मी हा कोर्स एमटेक आणि फायनल इयरच्या पोरांसाठी उभा केला, आता शिकवतेय, आणि सुरुवातीला ज्या ज्या गोष्टी सांगणारं कुणी नव्हतं त्या इथे क्रमाने देते.

कोर्सचा विषय थोडक्यात असा. आपल्या क्षेत्रात दावे खूप असतात, टेस्ट आधी लिहिल्या की कोड चांगला होतो, दोघांनी मिळून प्रोग्रॅमिंग केलं की चुका कमी होतात, अमुक लँग्वेजमध्ये बग कमी येतात वगैरे. हे दावे प्रयोग, मोजमाप, सर्व्हे, मुलाखती आणि खऱ्या प्रोजेक्टच्या नोंदी वापरून कसे तपासायचे हे पोरांना यायला हवं. माझं ठाम मत असं की हे फक्त लेक्चर देऊन येत नाही, प्रत्येक ग्रुपने एक छोटा अभ्यास सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः केला तरच येतं. खालच्या सगळ्या स्टेप्स त्याच हिशोबाने आहेत.

आधी जवळ काय काय पाहिजे

बीओएससाठी आणि कोर्स फाइलसाठी:
- सिलॅबसचा मसुदा, युनिटप्रमाणे तासांसकट
- कोर्स आउटकम (सीओ) आणि ते प्रोग्रॅम आउटकमशी (पीओ) कसे जुळतात त्याचं मॅपिंग
- लॅब प्लॅन आणि प्रत्येक मार्काची रुब्रिक, म्हणजे मार्क कशाला किती ते सांगणारा तक्ता
- संमतीपत्राचा नमुना, मराठी आणि इंग्रजी दोन्ही
- कंपनीला द्यायचं विनंतीपत्र, प्राचार्यांच्या सहीचं
- पेपरची यादी, आणि तो प्रत्येक पेपर पोरांना फुकट उघडतो का ते तपासलेलं

टूल्समध्ये गिट, पायथन किंवा आर, ज्युपिटर नोटबुक, आणि कोडिंग न येणाऱ्यांसाठी जामोवी किंवा जास्प, ज्यात क्लिक करून आकडेमोड करता येते. हे सगळं फुकट आहे, लायसन्ससाठी प्रपोजल टाकत बसू नका. पेपरच्या बाबतीत मात्र आधीच लायब्ररीत जाऊन बघा. वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली खरी, पण ती सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी आहे, आपल्याकडची बरीचशी इंजिनिअरिंग कॉलेजेस खाजगी आहेत, त्यामुळे अर्काइव्हवर (arXiv, पेपर खुले ठेवणारी साइट) किंवा लेखकाच्या स्वतःच्या पानावर खुली प्रत आहे असेच पेपर निवडलेले बरे.

१. कोर्स संपल्यावर पोरांच्या हातात काय असेल ते पहिल्यांदा ठरवा

युनिट एक, युनिट दोन असं लिहायला बसू नका. आधी शेवट ठरवा. माझ्या कोर्समध्ये शेवटी प्रत्येक ग्रुपकडे एक फोल्डर असतं ज्यात प्रश्न, आराखडा, कच्चा डेटा, ॲनालिसिसची स्क्रिप्ट आणि सात-आठ पानांचा रिपोर्ट असतो, आणि दुसऱ्या ग्रुपने ती स्क्रिप्ट आपल्या मशीनवर चालवली तर तेच आकडे यायला हवेत. एवढं ठरलं की सिलॅबसमध्ये काय ठेवायचं आणि काय उडवायचं हे आपोआप कळायला लागतं.

आउटकम लिहिताना 'विविध संशोधन पद्धती समजून घेणे' असलं काही लिहू नका, ते तपासता येत नाही. 'दिलेल्या पेपरमधल्या निष्कर्षाला कुठून धोका आहे ते ओळखून लिहिता येणे' किंवा 'दोन गटांच्या तुलनेचा प्रयोग आखता येणे' असं लिहा. एनबीएवाले (कोर्सना मानांकन देणारं नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन) विचारतात तेव्हाही हे दाखवायला सोपं जातं.

२. क्रेडिट आणि मंजुरीची चौकट

कॉलेज ऑटोनॉमस असेल तर तुमची बीओएस आणि मग ॲकॅडमिक कौन्सिल, एवढा रस्ता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असाल तर सिलॅबस विद्यापीठाचाच चालतो, स्वतःचा कोर्स मध्येच घुसवता येत नाही, अशा वेळी व्हॅल्यू ॲडेड कोर्स म्हणून सुरू करा किंवा सेमिनार आणि प्रोजेक्टच्या तासांत बसवा.

लेक्चरचा आठवड्याला एक तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे दोन तास म्हणजे एक क्रेडिट. चार क्रेडिट मिळत असतील तर सवयीने तीन लेक्चर आणि एक लॅब टाकली जाते. मी दोन लेक्चर आणि चार तास लॅब घेते. लोडचं गणित थोडं बदलतं, टाइमटेबल इनचार्जशी आधीच बोलून ठेवा, पण हे मिळवाच, कारण खरं काम लॅबमध्ये होतं.

पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी यूजीसीचा संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा दोन क्रेडिटचा कोर्स वेगळा आहे, बीओएसमध्ये कुणीतरी विचारतंच की हे तेच आहे ना. तेच नाहीये. तो कोर्स प्रकाशनाच्या नीतीबद्दल आहे, आपला कोर्स सॉफ्टवेअरबद्दलचा पुरावा कसा गोळा करायचा याबद्दल आहे. उत्तर तयार ठेवा.

३. पहिल्या तासाला दोन उलटे निकाल समोर ठेवा

पहिल्या लेक्चरला संशोधनाचे प्रकार, व्याख्या असलं काही नको. दोन अभ्यास सांगा. २०२३ मध्ये आलेल्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रॅमर घेतले, त्यांना जावास्क्रिप्टमध्ये एक एचटीटीपी सर्व्हर लिहायला सांगितला, ज्यांच्याकडे गिटहब कोपायलट हे कोड सुचवणारं एआय टूल होतं त्यांचं काम ५५.८ टक्के लवकर झालं. मग २०२५ च्या जुलैमध्ये मेटर नावाच्या संस्थेचा अभ्यास आला, त्यात १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर होते, त्यांच्या स्वतःच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं होती, कुठल्या कामाला एआय वापरायचं आणि कुठल्याला नाही हे रँडम ठरवलं होतं, आणि एआय वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे काम संपल्यावरसुद्धा त्या डेव्हलपरना वाटत होतं की आपण एआयमुळे साधारण २० टक्के फास्ट झालो.

आता वर्गाला विचारा, यातलं खरं कुठलं? पोरं लगेच बाजू घेतात, घेऊ द्या. मग हळूहळू फरक काढून घ्या. एकीकडे नवाकोरा छोटा प्रोग्रॅम, दुसरीकडे वर्षानुवर्षं हात बसलेला मोठा कोडबेस. माणसं वेगळी, काम वेगळं, मधल्या दोन वर्षांत टूल पण बदललं. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर असू शकतात हे पोरांना स्वतःच्या तोंडून म्हणू द्या. वैधतेचे जे चार धोके नंतर शिकवायचे असतात, म्हणजे मोजलं ते खरंच मोजायचं होतं का, फरक त्याच कारणाने पडला का, आकडेमोड बरोबर आहे का आणि हे दुसरीकडे लागू होईल का, त्यातले तीन तरी या एका चर्चेत येऊन जातात.

आणि 'मला तर फास्ट वाटतं' हा पुरावा का पुरत नाही, हे त्या २० आणि १९ च्या आकड्यांनी जितकं पटतं तितकं माझ्या कुठल्याच स्लाइडने पटलेलं नाही.

४. प्रश्नावर तीन आठवडे द्या, कमी नको

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. आपल्या पोरांची सवय अशी की आधी डेटासेट डाउनलोड करायचा, मॉडेल लावायचं, ॲक्युरसी काढायची आणि मग याला प्रश्न काय म्हणायचं ते शोधायचं. नाशिकमध्ये तर विषय ठरलेलेच असतात, द्राक्षाच्या पानावरचा रोग ओळखणारं ॲप किंवा कुंभमेळ्यातली गर्दी मोजणारी सिस्टिम. विषय चांगले आहेत, गरजेचे आहेत, पण ते ॲप बनवणं हा या कोर्सचा अभ्यास होत नाही. ते ॲप बनवताना टीमने रिक्वायरमेंट कशा गोळा केल्या, त्यातल्या किती नंतर बदलल्या आणि का बदलल्या, हा होतो. हा फरक पहिल्याच आठवड्यात उदाहरण देऊन सांगा, नाहीतर सातव्या आठवड्यात कळतं की निम्मे ग्रुप मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट करतायत.

प्रश्न कसा घासून काढायचा ते एकदा फळ्यावर करून दाखवा. समजा ग्रुपने लिहिलं, 'कोड रिव्ह्यूचा फायदा होतो का?' मग विचारत जायचं. कुणाला फायदा? कुठल्या प्रकारचा रिव्ह्यू? कशाच्या तुलनेत? फायदा मोजणार कशात? करता करता प्रश्न असा होतो: 'आपल्या कॉलेजच्या थर्ड इयरच्या विद्यार्थ्यांना जावाच्या कोडमध्ये आधीच पेरून ठेवलेले दोष शोधायचे असतील, तर चेकलिस्ट घेऊन वाचणाऱ्यांना चेकलिस्टशिवाय वाचणाऱ्यांपेक्षा ३० मिनिटांत जास्त दोष सापडतात का?' लांबलचक आहे, ऐकायला छान नाही, पण याचं उत्तर एका लॅबमध्ये मिळतं. इथेच सांगून टाका की दोष शोधण्यासाठी कोड पद्धतशीर वाचायची कल्पना जुनी आहे, मायकेल फेगनने आयबीएममधल्या इन्स्पेक्शनबद्दल १९७६ मध्येच लिहिलं होतं, म्हणजे आपण हवेत प्रश्न विचारत नाही, आधीच्या कामाला जोडून विचारतोय.

इथे व्हिक्टर बॅसिलीची गोल-क्वेश्चन-मेट्रिक पद्धत शिकवा. आधी उद्देश, मग त्यातून प्रश्न, मग प्रश्नातून मोजमाप, क्रम उलटा करायचा नाही. नासाच्या गोडार्ड सेंटरमध्ये १९७६ पासून चाललेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग लॅबोरेटरीतल्या कामातून ही पद्धत पक्की झाली, तेवढा इतिहास पुरे.

या तीन आठवड्यांच्या शेवटी एक पानाचा आराखडा घ्या: प्रश्न, अपेक्षित उत्तर, काय बदलणार, काय मोजणार, किती माणसं किंवा किती प्रोजेक्ट, कुठली नोंद वगळणार, कुठली टेस्ट लावणार. हा आराखडा डेटा यायच्या आधी रिपॉझिटरीत कमिट करून टॅग लावायला सांगा. नंतर बदल करायचा असेल तर खुशाल करा, पण वेगळी कमिट आणि सोबत कारण. मार्क देताना हे टॅग मी स्वतः उघडून बघते.

५. सगळ्या पद्धती शिकवायचा मोह आवरा

सिलॅबसमध्ये प्रयोग, सर्व्हे, केस स्टडी, मुलाखती, रिपॉझिटरी मायनिंग (गिटहबसारख्या ठिकाणच्या प्रोजेक्टच्या नोंदी खणून काढणं), पद्धतशीर लिटरेचर रिव्ह्यू, ॲक्शन रिसर्च असं सगळं भरायची इच्छा होते. एका सेममध्ये झेपत नाही. मी प्रयोग आणि रिपॉझिटरी मायनिंग खोलात घेते, सर्व्हे आणि मुलाखती मध्यम, बाकीच्यांची ओळख फक्त.

प्रयोगाबद्दल आपल्याकडचा सगळ्यात मोठा सापळा म्हणजे प्रॅक्टिकलची बॅच. ए बॅचला चेकलिस्ट द्यायची आणि बी बॅचला नाही द्यायची, सोप्पं वाटतं. पण ए बॅचची लॅब सकाळी असते, बीची जेवणानंतर, शिकवणारे सर कधी कधी वेगळे, आणि मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये ए बॅच सगळं सांगून मोकळी होते की बग कुठे कुठे आहेत. रोल नंबरचं सम-विषमही करू नका, रोल नंबर कशाने लावलेत, आडनावाने की मेरिटने, यावर ते अवलंबून राहतं. छोटी स्क्रिप्ट लिहून एकाच बॅचमध्ये रँडम दोन गट पाडा, सीड (तेच गट पुन्हा काढता येतील असा सुरुवातीचा आकडा) नोंदवून ठेवा, आणि दोन्ही बॅचना वेगवेगळा कोड द्या.

विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग चालतो का, असं कुणीतरी विचारेलच. या क्षेत्रात ते सर्रास होतं. १९९३ ते २००२ या काळातले ५४५३ पेपर बघून नॉर्वेच्या शोबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की नियंत्रित प्रयोग फारच थोडे होते आणि त्यात भाग घेणाऱ्यांपैकी ८७ टक्के विद्यार्थी होते. चालतं, फक्त रिपोर्टमध्ये 'डेव्हलपर' असं लिहायचं नाही, 'थर्ड इयरचे विद्यार्थी' असंच लिहायचं.

सर्व्हेमध्ये 'हे टूल सोपं आणि उपयुक्त वाटलं का?' असा प्रश्न हमखास येतो. सोपं असेल पण उपयोगाचं नसेल तर माणसाने टिक कुठे करायची? दोन प्रश्न करा. आणि गूगल फॉर्मची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की ती किती जणांपर्यंत गेली हे कळायचा मार्ग उरत नाही, म्हणजे किती टक्के लोकांनी उत्तर दिलं हे सांगता येत नाही. आधी नावांची यादी करा आणि मग एकेकाला पाठवा. सात-आठ जणांवर आधी चाचणी घ्याच.

मुलाखतींबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्याकडे डेव्हलपर बोलतो तेव्हा अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, मध्येच हिंदी. पोरं मुलाखत ऐकता ऐकताच इंग्रजीत उतरवतात आणि 'अहो, डेडलाइन डोक्यावर असते हो, टेस्ट कोण लिहिणार' याचं नुसतं 'वेळेचा अभाव' होऊन बसतं. बोललं तसंच देवनागरीत उतरवा, त्याच मजकुरावर कोडिंग करा (इथे कोडिंग म्हणजे प्रोग्रॅमिंग नाही, वाक्यांना विषयाची लेबलं लावणं), आणि रिपोर्टमध्ये घ्यायची तेवढीच वाक्यं भाषांतरित करा. दोघांनी स्वतंत्रपणे कोडिंग करायचं आणि मग कोहेनचा कप्पा (kappa, दोघांची लेबलं किती जुळली ते सांगणारा आकडा) काढायचा. कप्पा कमी आला तर मार्क कापू नका, कुठे मतभेद झाले ते लिहायला लावा, कारण बऱ्याचदा व्याख्या तिथेच सुधारते.

६. मायनिंगची लॅब: डॉट टीएसची गोष्ट

ही लॅब मला सगळ्यात जास्त आवडते, म्हणून सविस्तर सांगते. २०१४ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, गिटहबवरची ७२९ प्रोजेक्ट्स, १७ लँग्वेजेस, आणि प्रश्न असा की कुठल्या लँग्वेजमध्ये बग जास्त. खूप गाजला. मग एमरी बर्गर, यान व्हिटेक आणि सहकाऱ्यांनी तो पुन्हा करून बघितला, ते २०१९ मध्ये छापून आलं. त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. टाइपस्क्रिप्ट ही लँग्वेज जगासमोर आली २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, पण डेटामध्ये टाइपस्क्रिप्टच्या कमिट त्याच्या कितीतरी आधीच्या होत्या. कारण काय, तर फाइल ओळखली होती एक्स्टेन्शनवरून, आणि डॉट टीएस हेच एक्स्टेन्शन क्यूटी नावाच्या टूलकिटच्या भाषांतराच्या एक्सएमएल फाइल्सनाही असतं. म्हणजे ज्याला कोड म्हणून मोजलं ते कोड नव्हतंच. सगळं साफ करून पुन्हा आकडेमोड केल्यावर मूळ ११ पैकी चारच लँग्वेजेसचा संबंध शिल्लक राहिला आणि तोही अगदी बारीक.

लॅबमध्ये मी हे उत्तर आधी सांगत नाही. डॉट टीएस फाइल्स असलेली दोन रिपॉझिटरी देते, एक क्यूटीवाली आणि एक खरी टाइपस्क्रिप्टची, आणि म्हणते की टाइपस्क्रिप्टचा कोड किती ओळींचा आहे ते मोजा. पोरं एक्स्टेन्शनवरून मोजून आकडा देतात. मग म्हणायचं, आता यातली कुठलीही एक फाइल उघडा आणि वाचा. स्क्रीनवर एक्सएमएलचे टॅग आणि मेन्यूमधल्या शब्दांची भाषांतरं दिसली की लॅबमध्ये एकदम कुजबुज सुरू होते. त्यानंतर कुठलाही डेटा आला की वीस-तीस नोंदी हाताने उघडून बघायची सवय लागते, ती या कोर्सची मोठी कमाई आहे असं मी मानते.

या लॅबसाठी तांत्रिक सूचना. गिटहबच्या एपीआयवर लॉगिन न करता तासाला ६० रिक्वेस्ट चालतात आणि त्या आयपीप्रमाणे मोजल्या जातात, कॉलेजची सगळी लॅब बहुतेक एकाच आयपीवरून बाहेर जाते, म्हणजे वीस पोरांनी स्क्रिप्ट चालवली की पाच मिनिटांत सगळ्यांचंच बंद. प्रत्येकाने स्वतःचं टोकन काढलं की तासाला ५००० मिळतात. टोकन कोडमध्ये लिहून कमिट करायचं नाही, हेही सांगा. शक्य असेल तर रिपॉझिटरी आदल्या दिवशी क्लोन करून लॅबच्या सर्व्हरवर ठेवा आणि पायड्रिलर (गिटच्या नोंदी वाचणारी पायथन लायब्ररी) वापरा, मग नेटवर अवलंबून राहावं लागत नाही.

डिपेंडाबॉटसारख्या बॉटच्या कमिट वगळायला आणि एकच माणूस कॉलेजच्या आणि जीमेलच्या अशा दोन ईमेलने दिसतो का ते बघायला सांगा. गिटहबवरची बरीचशी रिपॉझिटरी वैयक्तिक आणि बंद पडलेली असतात, त्यामुळे निवडीचे निकष आधी लिहून घ्या.

नासाचे दोष-डेटासेट, म्हणजे सीएम१, केसी१, जेएम१ वगैरे, आपल्याकडच्या प्रोजेक्टमध्ये वर्षानुवर्षं फिरतायत. मार्टिन शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्येच त्यातल्या दुबार नोंदी, अशक्य किमती आणि एकाच नावाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या दाखवून दिल्या आहेत. ग्रुपने हा डेटा आणला तर आधी तो पेपर वाचायला द्या.

७. स्टॅटिस्टिक्स किती?

मोजकं, पण नीट. पोरांना एम-३ मध्ये (इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचा तिसरा पेपर) थोडंफार झालेलं असतं पण लक्षात नसतं. बॉक्सप्लॉट, मीडियन, तुलनेसाठी मान-व्हिटनी आणि विल्कॉक्सन या टेस्ट, आणि परिणामाचा आकार सांगायला व्हार्गा-डेलेनीचं ए१२, एवढ्यावर बहुतेक ग्रुपचं भागतं. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली म्हणजे सिद्ध झालं, असं लिहिलेलं दिसलं की थांबवा. फरक खरोखर नसता तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते. फरक कामाचा आहे का हे ती सांगत नाही, त्यासाठी परिणामाचा आकार लागतो.

एक युक्ती खूप उपयोगी पडते. खरा डेटा यायच्या आधी बनावट रँडम डेटा तयार करून त्यावर ॲनालिसिसची स्क्रिप्ट पूर्ण लिहून घ्यायची, अगदी आलेखासकट. खरा डेटा आला की फक्त फाइल बदलायची, आणि बनावट फाइल त्याच दिवशी उडवायची म्हणजे गोंधळ होत नाही. असं केलं की एक टेस्ट जमली नाही म्हणून दुसरी, दुसरी जमली नाही म्हणून तिसरी, हा प्रकार बराच कमी होतो.

८. नीती, संमती आणि तुमची स्वतःची खुर्ची

२०२१ चं मिनेसोटा विद्यापीठाचं प्रकरण वर्गात घ्याच. तिथल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलला मुद्दाम दोष असलेले पॅच पाठवले, रिव्ह्यू करणारे पकडतात का हे बघायला, त्यांना न सांगता. प्रकरण पेटल्यावर कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे पॅचच बंद केले, आणि संशोधकांना पेपर मागे घ्यावा लागला. विद्यापीठाच्या नीती समितीने हे माणसांवरचं संशोधन धरलंच नव्हतं. 'आम्ही तर कोडचा अभ्यास केला' म्हणणाऱ्या प्रत्येक ग्रुपला विचारा, कोडच्या पलीकडे कोण बसलंय?

आपल्या कॉलेजमध्ये मोठा प्रश्न वेगळा आहे. पोरांवर प्रयोग करणारी आणि त्यांना मार्क देणारी व्यक्ती एकच असते. विद्यार्थी तुम्हाला नाही म्हणणार नाही. म्हणून संमती तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाकडून घ्या, आणि कुणी सही केली हे तुम्हाला टर्म वर्कचे मार्क लागल्यावरच कळू द्या. संमतीपत्रात ही वाक्यं साध्या मराठीत ठेवा:

'यात भाग घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं आहे. भाग घेतला नाही किंवा मध्येच सोडला तरी मार्क, अटेंडन्स किंवा सबमिशनवर काही परिणाम होणार नाही. तुमचं नाव आणि रोल नंबर डेटामध्ये ठेवला जाणार नाही. तुमची माहिती काढून टाकायची असेल तर या तारखेपर्यंत सांगा.'

आणि तारीख खरंच लिहा, रिकामी जागा सोडू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पण पोरांना माहीत असू द्या, ईमेल आणि फोन नंबर ही माहिती त्याच्या कक्षेत येते. ज्याची गरज नाही ती माहिती मागायचीच नाही, हे सगळ्यात सोपं.

९. नाशिकमध्ये माणसं कुठून मिळवायची

पुण्यासारख्या मोठ्या आयटी कंपन्या इथे गल्लोगल्ली नाहीत. पण अंबड, सातपूरच्या कारखान्यांचे स्वतःचे सॉफ्टवेअर विभाग असतात, गंगापूर रोड, इंदिरानगर भागात दहा-पंधरा माणसांच्या कंपन्या आहेत, आणि केस स्टडीसाठी छोटी कंपनी उलट बरी, मालकाशी थेट बोलता येतं. विनंतीपत्र घेऊन पोरांनी स्वतः जावं. दोन तास मागू नका, तीस मिनिटं मागा. कोड मागू नका, नाहीच म्हणतात, काम कसं चालतं ते विचारा. कंपनीचं नाव रिपोर्टमध्ये येणार नाही हे पत्रातच लिहा. रिलीजचा आठवडा टाळा. माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईला असतात, ते व्हिडिओ कॉलवर आनंदाने वेळ देतात, पण सगळेच आपल्याच कॉलेजचे झाले तर तेही धोक्यांमध्ये लिहावं लागेल.

शेतकऱ्यांसाठीच्या ॲपबद्दल अभ्यास असेल तर कॅलेंडर बघूनच परवानगी द्या. जानेवारी ते एप्रिल म्हणजे आपला दुसरा सेम, आणि निफाड, दिंडोरीकडे तेव्हा द्राक्षाची काढणी चालू असते, बागायतदाराला मान वर करायला वेळ नसतो. पहिल्या सेममध्ये ऑक्टोबर छाटणी आली की तेच. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर लोक बसवून चहा देऊन बोलतात. आणि २०२७ ला सिंहस्थ आहे, त्या वर्षी पावसाळ्यातल्या सेमचा डेटा गोळा करायचा भाग शक्य तितका आधी उरकेल असा प्लॅन करा.

१०. मार्क कशाला द्यायचे

कोर्सचा जीव इथे आहे. मार्क निकालाला दिले की पोरं निकाल तयार करतात. माझ्याकडे एक मुलगी आली होती, म्हणाली, "मॅडम, फरक काहीच आला नाही, आता दुसऱ्या बॅचचा डेटा घेऊ का?" तिला सांगितलं, फरक नाही आला हेच तुमचं उत्तर आहे, आराखड्यात होतं तेवढंच लिही आणि फरक का दिसला नसेल ते लिही. तिच्या ग्रुपचा रिपोर्ट त्या वर्षीचा सगळ्यात चांगला झाला.

शंभरपैकी माझी वाटणी साधारण अशी. आराखड्याला २५, डेटा गोळा करून साफ केल्याच्या नोंदींना २०, दुसऱ्या ग्रुपच्या मशीनवर स्क्रिप्ट चालून तेच आकडे आले तर १५, धोक्यांच्या चर्चेला २०, रिपोर्ट आणि ओरलला मिळून २०. निकालाच्या दिशेला शून्य. धोक्यांच्या भागात 'सॅम्पल लहान होतं' एवढंच लिहिणाऱ्याला कमी मार्क द्या, ते सगळेच लिहितात. आमच्या अभ्यासात नेमकं काय बिघडू शकलं असतं आणि त्याने उत्तर कुठल्या बाजूला झुकलं असतं, हे लिहिणाऱ्याला पूर्ण द्या.

चॅटजीपीटी वगैरेंवर बंदी घालून उपयोग होत नाही. स्क्रिप्ट लिहायला वापरू द्या, फक्त कशासाठी वापरलं ते नोंदवायला लावा. मुलाखतींचा कच्चा मजकूर मात्र बाहेरच्या टूलमध्ये टाकू देऊ नका, संमतीपत्रात तसं लिहिलेलं नसतं. संदर्भांच्या यादीतला प्रत्येक पेपर ओरलला उघडून दाखवायला सांगा, न वाचलेला किंवा नसलेला पेपर तिथेच कळतो.

११. पंधरा आठवड्यांची मांडणी

पहिला आठवडा त्या दोन एआय अभ्यासांचा. दुसरा ते चौथा प्रश्न आणि आराखडा, सोबत दर आठवड्याला एक पेपर वाचन. पाचव्यात डॉट टीएसची लॅब, सहाव्यात चेकलिस्टचा प्रयोग सगळा वर्ग मिळून करतो, म्हणजे स्वतःचा अभ्यास सुरू करायच्या आधी एक प्रयोग आतून बघितलेला असतो. सातव्यात संमतीपत्रं आणि चाचणी. आठ ते अकरा डेटा, याच काळात लेक्चरला स्टॅटिस्टिक्स. इन-सेमची परीक्षा साधारण मध्येच येते, तो आठवडा मोकळा धरा. बारा-तेरा ॲनालिसिस, चौदाव्यात ग्रुपची अदलाबदल करून एकमेकांच्या स्क्रिप्ट चालवायच्या, पंधराव्यात ओरल.

सेम संपल्यावर दमायला होतं पण दोन दिवस काढाच. नावं काढून टाकलेला डेटा आणि स्क्रिप्ट, ज्यांची परवानगी आहे त्यांच्या, झेनोडो या संशोधनाचा डेटा ठेवायच्या खुल्या साइटवर टाका, तिथे फुकट डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो आणि पोरांना तो रेझ्युमेवर लिहिता येतो. सही केलेली संमतीपत्रं कपाटात कुलुपात ठेवा, किती वर्षं ठेवायची ते कॉलेजच्या समितीला विचारून घ्या. पेरलेल्या दोषांची यादी मात्र कुठेही टाकू नका, तोच कोड पुढच्या बॅचला वापरायचा असतो.